निजलेल्या खोलीचा मुआयना

कापसाचा एवढासा पुंजका पाळण्यातल्या गजराच्या नाकपुडीशी अडकला होता आणि हलत होता. आत ओढला जायचा, मग थांबायचा — इतका वेळ थांबायचा की कालिंदीचा हात आपोआप पुढे व्हायचा — आणि मग कुणीतरी आठवण करून दिल्यासारखा पुन्हा बाहेर ढकलला जायचा. शेवटी तिने तो चिमटीत धरून काढला. काढल्यावर वाटलं, उगीच काढला. तो होता तोवर श्वास डोळ्यांना दिसत तरी होता. आता नुसतं आठ महिन्यांचं पोर दिसत होतं, कपाळावर काजळाची तीट, ओठ किंचित उघडे, मुठी सैल पडलेल्या... तान्ह्या पोरांच्या मुठी झोपेत मिटलेल्या असतात की उघड्या? वाशीमला शिकताना हे सांगितलं होतं खरं. पण आठवायला गेलं की तिथल्या बाईंचं पदराने चष्मा पुसणंच तेवढं आठवतं.

झोपली आहे. सगळीच झोपली आहेत. यात नवं काय आहे?

नवं काहीच नव्हतं. सकाळचा भोंगा झाला तशा कापसाच्या जिनातल्या बाया आल्या, कडेवरची लेकरं पाळण्यांत, झोळ्यांत, सतरंजीवर ठेवून रेच्यांकडे, सरकी काढायच्या यंत्रांकडे, पळाल्या. रेच्यापुढे ओळीने बसायचं, कापूस लावायचा, एकीकडे रुई पडते, एकीकडे सरकी, आणि मधे बाईची बोटं. तिथे मांडीवर लेकरू घेऊन बसू नये म्हणून सरकारने नियम केला आणि नियमापायी ही खोली झाली. शेठजींनी ती काही हौसेने केलेली नव्हती. सरकीच्या कोठाराला लागून एक अडगळीची खोली होती, तिला चुना फासला, खिडक्या पाडल्या, पाळणे टांगले, आणि नियमात ‘शिकलेली बाई’ लिहिली होती म्हणून कचेरीतल्या मार्तंडच्या बायकोला बोलावणं धाडलं. ही कालिंदी, मार्तंडची बायको. लग्नाआधी वाशीमच्या बालवर्गात शिक्षिकेचं काम वर्षभर शिकलेली. लग्न होऊन निजामाच्या मुलखात आली आणि ते शिकणं लुगड्यांच्या घडीखाली ठेवून दिलं. खोली मिळाली तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. मार्तंडच हसला होता तिला — म्हणाला, अगं, शेठला तू नकोस, शेठला शिक्का हवाय. असू दे, ती म्हणाली होती, शिक्का शेठचा आणि लेकरं माझी.

लेकरं माझी. किती सहज म्हणाले मी.

आज हैदराबादहून साहेब यायचा होता, मुआयन्याला, म्हणजे तपासणीला. आठवडाभर जिनात दुसरा विषय नव्हता. रांजण घासले, खिडक्यांची धूळ झटकली, औषधाच्या पेटीत टिंक्चरची नवी बाटली येऊन बसली. थोरली लेकरं, चार-पाच वर्षांची, सतरंजीच्या कडेला ओळ धरून बसली होती आणि कालिंदीने सकाळीच त्यांची नाकं ओल्या फडक्याने पुसून काढली होती. कापसाची धूळ इतकी की रोज पुसावी लागत. सरकी वेचून तिचे गोल, चौकोन मांडायचा खेळ चालू होता. गाणी नव्हती आज. साहेब येईपर्यंत गाणी नकोत, असं तिनेच ठरवलं होतं, कारण गाण्याने धाकटी जागी होतात... होतात का? या हंगामात गाण्याने कोण जागं झालं होतं? कालपर्यंत लेकरं गळा फाडून गायची आणि पाळण्यातलं पोर पापणीसुद्धा हलवायचं नाही.

हे तिला ठाऊक होतं. ठाऊक नाही असं म्हणायची सोय नव्हती. पहिल्याच हंगामात तिने एका लेकराच्या ओठांवर तपकिरी डाग पाहिला, बोट लावून वास घेतला, कडवट. बाया त्याला ‘बोट चाटवणं’ म्हणत. मोहरीएवढी अफू दुधात नाहीतर गुळाच्या पाण्यात घोळायची, बोटाला लावायची, लेकराच्या तोंडात द्यायची. दुकान सरकारमान्य, चौकात. साखरा गावच्या बायाही देत, पुसेगावच्याही, बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्याही आणि गावातल्या भल्या घरांतल्याही. तिच्या सासूने सांगितलं होतं की मार्तंडला दात येताना बोट चाटवल्यावाचून रात्र निघाली नाही. तेव्हा कालिंदी नवी होती, शिकलेली होती, तिने सरळ सांगून टाकलं — या खोलीत अफूचं लेकरू येणार नाही. बाया मान हलवून गेल्या. तांड्यावरची मिराबाई तेवढी अडून उभी राहिली. म्हणाली, बाई, ह्यो पोरगा रातभर जागतो, मला झोप न्हाई, झोप न्हाई तं रेच्यात बोट जाईल, मंग? कालिंदीने तिचं लेकरू परत तिच्या कडेवर दिलं. नियम म्हणजे नियम. पुढे काही दिवसांनी मार्तंडबरोबर टांग्यातून जाताना औंढ्याच्या रस्त्यावर खडी फोडणाऱ्या बाया दिसल्या, आणि एका उलट्या केलेल्या गाडीच्या दांडीला बांधलेली झोळी, उन्हात, आणि झोळीवर मिराबाईचं ते आरसे लावलेलं ओढणं. टांगा थांबवावा असं वाटलं होतं. थांबवून काय सांगणार होते?

त्यानंतर बायांच्या नखांत अफूचा डाग आहे का, हे ती पाहीनाशी झाली. इतकंच. कुणाला काही बोलली नाही, कुणी तिला काही सांगितलं नाही. आणि खरं सांगायचं — आणि हे ती स्वतःलासुद्धा कधी पुरतं सांगत नसे — तिला ती शांतता आवडू लागली होती. पाळणे गप्प, झोळ्या गप्प, मग थोरल्यांना घेऊन बसता यायचं, रंग शिकवता यायचे, गोष्ट सांगता यायची, वाशीमच्या बालवर्गात असते तशी ती खोली दिसायची. रेचे भिंतीपलीकडे दिवसभर घरघरत असत, आणि या भिंतीच्या आत तिचं एक चिमुकलं राज्य होतं, ज्यात कुणी रडत नव्हतं. वाशीमच्या बाई म्हणायच्या, मूल रडतं म्हणजे काहीतरी कळवतं, आधी ऐकून घ्या. तिथे बारा मुलं आणि तिघी शिक्षिका होत्या, बाईंना काय जातंय म्हणायला, असं तिने एकदा मनात म्हटलं होतं आणि मग दोन दिवस स्वतःवर रागावली होती.

गजराचा हात तिने हातात घेतला. थंड वाटला. थंडीचे दिवस, सकाळची खोली गारच असते. तिने पांघरूण वर ओढलं आणि ती थोरल्यांकडे वळली.

दुपारचा भोंगा झाला आणि बाया पाजायला आल्या. केसांत, भुवयांत, पापण्यांवर कापूस. हसल्या की तेवढे दात काळे दिसायचे. खोली क्षणभर बायांच्या घामाच्या वासाने भरून गेली. शालूबाई, गजराची आई, साखऱ्याकडची. नवरा संतराम इथेच रुईच्या गासड्या बांधायला. तिने लेकीला उचललं, मांडीवर घेतलं, पदराआड धरलं. गजराने तोंड उघडलं नाही. शालूबाईने बोटाने उघडलं. दूध आत गेलं आणि ओठाच्या कडेने तसंच बाहेर आलं, हनुवटीवरून मानेच्या घडीत.

“पीत न्हाई,” शालूबाई म्हणाली, आणि जरा थांबून, “राहू द्या. झोपंल. सायेब येऊन गेला की पिईल.”

“सकाळी किती दिलंस?”

शालूबाईने वर पाहिलं. हा प्रश्न बाईंनी कधी विचारला नव्हता. कालिंदीलाही आपला आवाज परका वाटला.

“रोजच्यापरीस उलीसं जास्त. तुमीच तं म्हणल्या ना बाई काल. लेकरं शांत असू द्या म्हणून.”

म्हणाले होते. संध्याकाळी, बाया लेकरं न्यायला आल्या तेव्हा, दारात उभी राहून. उद्या साहेब येणार, नखं काढून आणा, धुतलेलं अंगडं घाला, आणि लेकरं जरा शांत असू द्या... जरा. त्या ‘जरा’चा अर्थ तिने काय धरला होता? काही धरला नव्हता? तोंडातून निघून गेलं, जसं पाहुणे यायचे असले की घरात म्हणतात. पण आपण ते कुणाला सांगतो आहोत आणि त्या बायांच्या हाती लेकरू शांत ठेवायचं साधन काय आहे, हे तिला त्या घडीला माहीत नव्हतं, असं देवाशपथ म्हणता येईल का? तिने म्हणून पाहिलं. म्हणता आलं नाही.

तिने गजराची पापणी अंगठ्याने वर केली. डोळ्यातली बाहुली मोहरीपेक्षाही लहान झाली होती. दुसरा डोळाही तसाच.

“सखुबाई,” तिने हाक मारली.

सखुबाई पाळण्यांच्या दोऱ्या ओढायला ठेवलेली म्हातारी. चार पाळण्यांच्या दोऱ्या एका हातात धरून ती भिंतीला टेकून बसलेली असायची, डोळे अर्धे मिटून, आणि कालिंदीला कधी कधी वाटे की तिलाच कुणीतरी बोट चाटवलं आहे.

“तुम्ही सकाळी कुणाला काही दिलंत?”

“दिलं थोडं,” सखुबाई म्हणाली. लपवायचं काही आहे हे तिच्या ध्यानातच आलं नाही. “समद्यायला न्हाई. जे चुळबुळ करून राहिले व्हते त्यायलाच. मुकादम सांगून गेला, आज आवाज आला तं म्हातारे तुहं काही खरं न्हाई.”

“गजराला?”

“तिनं आल्या आल्या डोळे उघडले व्हते. म्हणून दिलं.”

शालूबाईचा हात पदराशी थांबला. तिने लेकीला छातीशी आवळलं आणि हलवलं, एकदा, दोनदा, मग जोरात. गजराची मान मागे गेली आणि तिच्या दंडावर टेकली. घशातून एक बारीकसा घरघराट आला, तोही झोपेतलाच.

आईने जास्त दिलं, कारण बाई म्हणाल्या. म्हातारीने वर दिलं, कारण मुकादम म्हणाला. आणि मुकादमाला शेठ म्हणाले असतील, शेठला साहेबाच्या पत्राने सांगितलं असेल, व्यवस्था चोख असावी. प्रत्येकाने आपापली काळजी घेतली. कुणी निष्काळजी म्हणून नाही सापडणार यात — कालिंदीच्या मनात हे आलं.

तेवढ्यात दारात मुकादम उकंडराव उभा. धुतलेला फेटा, अंगावर नवा कोट, तो कोट त्याला काखेत काचत असावा.

“चला बायांनो, रेच्यावर. सायेब कचेरीत चहा पिऊन राहिले. आता इकडंच येतील.”

“उकंडराव, हिला दवाखान्यात न्यायला हवं. अफू जास्त झालीय.”

त्याने लेकराकडे पाहिलं नाही, मागे दाराकडे पाहिलं.

“हळू बोला बाई. सायेब गेल्यावर न्या ना, मी सोता टांगा लावून देतो. आत्ता फाटकातून नेलं तं सायेब इचारतील, काहून चालले? मंग अफूचं निघंल, पोलीस येईल, शेठ खोलीला कुलूप घालतील. ही समदी लेकरं मंग कुठं बसतील, तुमीच सांगा. रेच्याखाली बसतील. तुमाला तकलीफ व्हावी असं मला वाटत न्हाई, पण जरा धीर धरा.”

त्याचं काहीच खोटं नव्हतं. हा माणूस एकदा तरी खोटं बोलला असता तर सोपं झालं असतं. रेच्यांच्या पट्ट्यात लुगड्याचा पदर गुंडाळला जाऊन एका बाईचा हात गेला होता, तेव्हाही ह्याच माणसाने तिला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं होतं, हे सगळ्या जिनाला ठाऊक होतं.

शालूबाई उठली. गजराला पाळण्यात ठेवलं. “बाई, मी जाते. नाव कटलं तं पुन्हा घेत न्हाईत. तुमी हाव ना,” असं म्हणाली आणि दारापर्यंत जाऊन परत आली, लेकीच्या कपाळावरची तीट नीट केली आणि गेली.

तुमी हाव ना.

कालिंदीने थंड पाणी घेऊन गजराच्या तोंडावर शिंपडलं. चेहरा किंचित आक्रसला आणि पुन्हा सैल पडला. आक्रसला म्हणजे आहे, ठीक आहे, थोडा वेळ आहे. साहेबाला कितीसा वेळ लागणार? खिडक्या बघेल, पाणी बघेल, जाईल. तेवढ्याने काय होतंय... तिने स्वतःला हे सांगितलं आणि सांगताना तिला कळत होतं की हा आवाज उकंडरावाचा आहे, तिच्या तोंडून येतोय एवढंच. तरी तिने पदर सावरला. तरी तिने थोरल्यांची ओळ नीट केली. हात आपली कामं करत राहतात. माणूस आत कुठेतरी उभा राहून ते बघतो आणि त्यांना थांबवत नाही.

साहेब वयस्क होता. काळी शेरवानी, रूमी टोपी, आवाज मऊ. बरोबर शेठजी, आणि मागे कागद घेऊन मार्तंड. साहेबाने खिडकीची रुंदी काठीने मापली. भिंतीला बोट लावून चुना आला का पाहिला. रांजणावरचं झाकण उचललं, ओगराळ्याला दांडी लांब आहे का पाहिलं, म्हणजे पाण्यात हात बुडत नाही. औषधाच्या पेटीची किल्ली कुणाजवळ असते ते विचारलं. कालिंदीने कमरेची किल्ली दाखवली. नियम जाणणारा माणूस होता, मनापासून पाहत होता, उगाच कपाळाला आठ्या घालून येणाऱ्यांतला नव्हता. आणि म्हणूनच ती वाट पाहत राहिली. हा विचारेल. एवढं सगळं विचारतोय, हेही विचारेल. एकदा त्याने विचारलं की मला सांगावंच लागेल, आणि मग ते सांगितलं असं होणार नाही, विचारलं म्हणून उत्तर दिलं असं होईल. भिंतीची चौकशी झाली, उजेडाची झाली, पाण्याची झाली. मग तो पाळण्यांकडे वळला आणि हात मागे बांधून त्यांच्यामधून हळूहळू चालत गेला, पावलांचा आवाज होऊ नये म्हणून जपून.

“माशाअल्ला,” तो हलक्या आवाजात म्हणाला, “बडा सुकून है यहाँ। औरंगाबाद में भी मैंने ऐसा कमरा नहीं देखा।”

“साहेब म्हणतात, इतकी शांत खोली त्यांनी औरंगाबादेतही पाहिली नाही,” मार्तंडने सांगितलं. सगळ्यांना कळलं होतं तरी त्याने सांगितलं, कारण बायकोचं कौतुक त्याला आपल्या तोंडाने सांगायचं होतं. त्याचा चेहरा फुलला होता. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्याने तिच्याकडे असं पाहिलं नव्हतं.

“बच्चे रोते नहीं?” साहेबाने विचारलं. गजराच्या पाळण्यापाशीच उभा होता तो.

हा तो प्रश्न होता. अगदी तसा नव्हता, पण जवळचा. शेठजी छताकडे पाहत होते. उकंडराव दारात. भिंतीपलीकडे रेचे घरघरत होते आणि त्यांतल्या एकापुढे शालूबाई बसली होती, बोटं कापसात, मन इथे.

“जी नहीं,” कालिंदी म्हणाली.

साहेबाने मान डोलावली, आणि ते सगळे इंजिनघर पाहायला बाहेर पडले.

खोलीत पुन्हा शांतता आली. तिला ती आज पहिल्यांदा ऐकू आली. ही झोपलेल्यांची शांतता नव्हती, झोपलेली लेकरं कितीतरी आवाज करतात, चोखतात, हुंकारतात, कूस बदलताना पाळणा करकरतो. इथे काहीच नव्हतं. तिने वाकून गजराच्या तोंडाशी कान नेला. श्वास आला. मग नाही. मग नाहीच... मग आला, लांबून. नखं पाहिली. नखांच्या मुळाशी निळसर रंग चढला होता आणि ओठांवरही, जांभूळ खाल्ल्यावर चढतो तसा.

मी ‘जी नहीं’ म्हटलं तेव्हा हे असंच होतं का? की तेवढ्यात झालं?

तिने गजराला उचललं, आपल्या शालीत गुंडाळलं. “सखुबाई, सगळ्यांना उठवा.”

“आत्ता?” सखुबाईच्या हातातल्या दोऱ्या थांबल्या. “रडतील ना बाई.”

“रडू द्या. पाणी शिंपडा, गुदगुल्या करा, काहीही करा. कुणाला निजू देऊ नका.” आणि थोरल्यांना म्हणाली, “तुम्ही गाणी म्हणा. मोठ्याने.”

बाहेर ऊन डोळ्यांवर आलं. आवारात कापसाचे ढीग, वजनकाटा, बैल सोडलेल्या गाड्या, आणि इंजिनघराच्या पायऱ्यांशी ते तिघे, मागे उकंडराव. तिला पाहून मार्तंड घाईने पुढे आला, हातातले कागद छातीशी धरून. “अगं कुठे निघालीस? साहेब निघतीलच आता. थोडं थांब.”

“हिला अफू जास्त झालीय.”

“मला ठाऊक आहे,” मार्तंड म्हणाला. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून आवाज खाली आणला. “म्हणजे आजचं नव्हे. हे देतात ते. सगळ्यांनाच ठाऊक असतं गं. शेठना नाही का? तुला नव्हतं?”

त्याने हे टोचायला म्हटलं नव्हतं. बिचाऱ्याला खरंच वाटत होतं की हे दोघांमधलं जुनं, न बोललेलं ठरलेलं आहे, जसं घराघरांत नवरा-बायकोत असतं. तिला त्याचा राग आला नाही. तो पुढे कधीतरी येईल. आत्ता तिला एवढंच दिसलं की तो वाटेत उभा आहे, आणि ती त्याला वळसा घालून पुढे गेली.

“साहेब,” ती म्हणाली. तिचं उर्दू बाजारापुरतं होतं. “ये सोई नहीं है। अफीम दिया है। सब बच्चों को देते हैं। आज जास्ती दिया, आप आनेवाले थे इसलिए। मैंने बोला था सबको, चुप रखो।”

शेठजींनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. साहेबाने हात वर करून त्यांना थांबवलं आणि शालीचं टोक बाजूला केलं. लेकराचा चेहरा पाहिल्यावर त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यावरचा हुद्दा उतरला आणि खाली नुसता एक म्हातारा माणूस राहिला. “दवाखाने। फौरन,” तो म्हणाला. “मेरा टांगा ले जाइए। इसकी माँ कहाँ है?” उकंडराव पळत रेच्यांकडे गेला. साहेबाने मार्तंडच्या हातातून कागद घेतले, लेखणी उघडली, एक पान उलटलं, दुसरं उलटलं. खिडक्यांचा रकाना होता, रांजणाचा होता. हे कुठे लिहायचं ते त्याला सापडत नव्हतं. टांग्यात चढताना कालिंदीने मागे पाहिलं तेव्हाही तो उन्हात पानं उलटत उभा होता.

शालूबाई तशीच आली, डोक्यावरून पदर नाही, केस कापसाने पांढरे, टांग्यात चढली ती लेकीच्या पायांना धरूनच. टांगा फाटकातून बाहेर पडला. छावणीतल्या दवाखान्याकडच्या रस्त्याला खड्डे फार.

“तिला घे. हलव. बोल तिच्याशी, झोपू देऊ नको,” कालिंदी म्हणाली, पण गजराला तिने स्वतः सोडलं नाही. दोघींच्या मांड्यांवर मिळून ते पोर होतं. शालूबाई बोलू लागली. काय बोलावं ते तिला सुचत नव्हतं, तर ती साखऱ्याच्या घराबद्दल बोलू लागली — ती पाहाय तुही शेळी, ती पाहाय आजी, उठ ना माय, आजी हाक मारून राहिली. मग मधेच थांबून, कालिंदीकडे न पाहता, म्हणाली, “बाई, दवाखान्यात इचारतील ना, कोणं दिलं म्हणून. माहं नाव नका सांगू.”

“नाही सांगणार.”

“आन म्हातारीचं बी नका सांगू. लई म्हातारी हाय ती.”

“नाही.”

मग कुणाचं सांगणार, हे शालूबाईने विचारलं नाही. कालिंदीने गजराचा तळपाय शालीतून बाहेर काढला आणि चिमटा घेतला. मऊ तळवा, अजून जमिनीला न लागलेला. काही झालं नाही. तिने पुन्हा घेतला, नख लागेल असा. रड. रड गं बाई. एकदा तोंड उघड, या रस्त्यावरचे लोक थांबून बघतील असा टाहो फोड... सगळा हंगाम ज्या आवाजापासून ती स्वतःला वाचवत आली होती तो आवाज तिला आता हवा होता. आणि त्या ओढीच्या तळाशी तिला आणखी काहीतरी दिसलं, ते पाहून ती दचकली.

ही रडली की मी सुटेन.

ही रडली की शालूबाई हसेल, डोळे पुसेल. मार्तंड म्हणेल, बघ, किती घाबरलीस. शेठ चार दिवस कुलूप लावतील आणि नियमासाठी पुन्हा उघडतील. साहेबाच्या पानांत रकाना नव्हता, तर तो तरी काय लिहील? बाया येतील. त्यांना झोप नसेल, रेचे तेच असतील, आणि पहिल्या सकाळी मी प्रत्येकीची नखं पाहीन. दुसऱ्या सकाळीही पाहीन. मिराबाईसारखी एखादी अडून उभी राहील, तेव्हा?... आणि मग एखाद्या दिवशी थोरल्यांना गोष्ट सांगताना माझ्या लक्षात येईल की खोली किती छान शांत आहे, आणि मी वळून बघणार नाही. तिने स्वतःला विचारलं, बघशील? खरं सांग. गजरा उठली नाही तर, ही भीती होती तिथेच होती, सगळ्या अंगभर. आणि आता तिच्या शेजारी दुसरी येऊन बसली होती, गजरा उठली तर माझं काय होईल ही, आणि ह्या दुसरीला घेऊन कुठल्याच दवाखान्यात जाता येत नव्हतं.

टांगा खड्ड्यात गेला, वर आला. गजराचा खालचा ओठ हलला, धक्क्याने की आपला आपण, ते कळलं नाही.

“बाई,” शालूबाईने तिचा दंड गच्च धरला. “बाई, हललं. पाह्यलं का? हललं ना?”

कालिंदीने तळव्यावरचा चिमटा सैल केला नाही.